विश्वजीतची किल्ली

प्रेरणानं काळ्या पडद्यावर कमांड लिहिली, विश्वजीतचं नाव पुन्हा तपासलं आणि एंटरवर नेलेलं बोट मागं घेतलं.

"झालं का?" राजेंद्र सरांनी दारातूनच विचारलं.

"करतेय, सर."

"दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको. माझंच काम आहे ते."

तिचंच होतं. सिडकोतल्या त्या छोट्या कंपनीचे सगळे पासवर्ड एका तिजोरीत असायचे. तिजोरी कसली, कमांड देऊन चालवायचा प्रोग्रॅमच तो! कुणाकुणाला तिची किल्ली द्यायची, कुणाची काढून घ्यायची, हे फक्त विश्वजीत आणि प्रेरणा बघायचे. जो आधी नोकरी सोडेल त्याची किल्ली दुसऱ्यानं काढायची आणि जाणाऱ्यानं नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, खाऊ घालायचा, असं दोघांचं ठरलेलं. त्यांच्या साखरपुड्याच्या दिवशीही त्यानं तिला यावरून छळलं होतं. आणि हा शहाणा गेला तो असा, फुलंब्रीच्या रस्त्यावर, मोटारसायकलच्या अपघातात, कुणाला काही न सांगता.

तिनं एंटर दाबलं. किल्ली निघाली. मग त्याला माहीत असलेला एकूण एक पासवर्ड तिनं बदलला. डोळे पुसत बदलला, पण एकही सोडला नाही, कारण नियम त्याचाच होता. पासवर्ड तिजोरीबाहेर कुठं उतरवलेला दिसला की हा माणूस असा खवळायचा, बोलायची सोय नसायची. एकदा घाईत तिनं स्वतःच्या लॅपटॉपवर एक उतरवून ठेवला, तर दिवसभर अबोला धरला होता त्यानं.

संध्याकाळी ती घरी येऊन टेकते न टेकते तोच फुलंब्रीहून आवडाबाईंचा फोन आला. विश्वजीतची आई.

"प्रेरणा, आज विश्वाचा फोन नाय आला गं."

पोराच्या जाण्यानं माउलीनं हाय खाल्ली, दुसरं काय!

"आई, अहो... विश्वजीत तर..."

"येडी नाय झाले मी. गेलाय, ठावं हाय मला. पण त्यानं घरच्या कम्प्युटरात कायतरी करून ठिवलंय. रोज सांजच्याला फोन येतो, त्याच्याच आवाजात. 'आई, गोळी घेतली का?' म्हणतो. मी म्हणते, घेतली रं. तो गेल्यावरबी येत व्हता. आजच नाय आला."

प्रेरणाच्या आत्ता लक्षात आलं. दवाखान्यांच्या पेशंटना आठवण करून द्यायला कंपनी ज्या सेवेवरून फोन लावायची, तिचाच पासवर्ड त्यानं गुपचूप घरी उतरवला होता. त्यानं! आणि तो आज सकाळी तिनं आपल्या हातानं बदलला होता.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती फुलंब्रीला गेली. कम्प्युटर कपाटावर घरघरत होता. पासवर्डवरून सगळ्यांच्या मागं लागणाऱ्यानं स्वतःच्या कम्प्युटरला साधं कुलूपसुद्धा लावलं नव्हतं. काय म्हणावं या माणसाला! प्रेरणानं नवा पासवर्ड त्यात उतरवला, आणि या वेळी घाईत नाही.

आवडाबाई मागं उभ्या होत्या.

"आता बंद नाय ना पडायचा?"

"मी कंपनीत आहे तोवर नाही."

आवडाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या,

"तू लगीन कर, बाई. लई आयुष्य पडलंय तुझ्यापुढं. तेवढी नोकरी मातर सोडू नको."



दिवस कलला. ओट्यावरच्या डबीशेजारी कालची गोळी तशीच पडली होती. फोन वाजला तसा आवडाबाईंनी तो उचलून प्रेरणाच्या हातात दिला.

"आज तू घे."

"आई, गोळी घेतली का?" विश्वजीतनं विचारलं.

"घेतली," प्रेरणा म्हणाली.

तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं. फोन कट झाला. आवडाबाईंनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि गोळी घेतली.