थांबवलीस कशाला

"होम सिग्नल…" भरदुपारी आतल्या खोलीतून तेजरामचा आवाज आला.

"हिरवा!" कौशल्यानं कणीक मळता मळता उत्तर दिलं. उत्तर मिळालं नाही तर नवरा दचकून उठून बसतो, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. मालगाडीच्या इंजिनात लोको पायलटनं सिग्नलचा रंग मोठ्यानं सांगायचा आणि असिस्टंटनं तो परत म्हणायचा, अशी रीत. रात्रपाळी करून आलेला तेजराम ती झोपेतही सोडत नसे, आणि दुर्गजवळच्या रुआबांध्याच्या त्या घरात असिस्टंट म्हणजे कौशल्याच. शेजारची कमला हे ऐकून पोट धरधरून हसायची.

पण हल्ली काहीतरी बिनसलं होतं. पूर्वी रंग तो सांगायचा. आता नुसतं सिग्नलचं नाव घेऊन गप्प व्हायचा, रंग तिलाच सांगावा लागायचा. कौशल्याच्या जिवाला त्याचा घोर लागला होता.

दिवेलागणीला त्याचा असिस्टंट राहुल आला, तोच हसत.

"काकू, काल तर काकांनी कमाल केली! दल्लीच्या खाणीवरून माल घेऊन येऊन राहिलो होतो. सांजच्याले मरोदा टेसनाच्या अल्याड मी इंजिनात मागं मशीन चेक करायले गेलो. वापस आलो तर गाडी खडी! अन् सिग्नल एकदम हिरवा! मी म्हटलं, काका, त काबर रोके हस?"

हे वाक्य तेजरामच्याच किश्शातलं. एकदा रुळाजवळ एक छत्तीसगढी म्हातारी लाल लुगडं वाळवायला धरून उभी होती. लाल बघून यानं ब्रेक मारला. म्हातारीनं विचारलं, गाडी दुर्गला जाते का? मालगाडी आहे म्हटल्यावर तीच वर डाफरली, "त काबर रोके हस?" मग थांबवलीस कशाला? ड्यूटीवर येणारा जो तो हा किस्सा ऐकायला तेजरामला गळ घालायचा.

राहुल हसत सुटला. तेजरामही हसला, पण जरा उशिरा. कौशल्याला हसू आलं नाही.

राहुल गेल्यावर तिनं परसातल्या दोरीकडे बोट केलं. "माह्या दोन साड्या हायेत तिथं. हिरवी कोनती, सांगा जी."

तो बघत राहिला. मग पायरीवर बसला.

"सांजच्याले सारं मातकट दिसते. राहुल रंग बोलते, अन् मी त्याच्या मागं म्हणतो. काल तो जवळ नव्हता."

"म्हणून थांबवली?"

"नसती थांबवली, अन् लाल असता तर?" त्यानं दोरीकडे पाठ केली. "मले इंजिनाशिवाय काही येत नाही वं. हापिसात टेबलावर बसून काय करू मी?"

काही नाही हो, चालतं तसं चालू द्या, असं म्हणावंसं वाटलं तिला. पण ती म्हणाली, "उद्या मी बी येते संगं."

दुसऱ्या दिवशी क्रू लॉबीत, हजेरीच्या खिडकीशी, तेजराम सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, मले सिग्नलचा रंग ओळखू येत नाही. माही गाडी दुसऱ्याले द्या."

लॉबीत हशा पिकला. "आगे बोलो उस्ताद, फिर क्या हुआ?" कुणीतरी ओरडलं. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. दारात उभ्या कौशल्यानं पुढे होऊन तेजरामच्या हातातली ड्यूटीची पेटी घेतली, तेव्हा कुठे हसणं थांबलं. राहुल मान खाली घालून उभा होता.

आता तेजराम ऑफिसात कागद लावतो. किस्सा सांग म्हणून कुणी गळ घालत नाही.

एका रविवारी दुपारी तो आत आडवा झाला. कौशल्या कणीक मळत होती. बराच वेळ झाला तरी आतून हाक आली नाही. कित्येक दिवस आली नव्हती. तिचे हात परातीतच थांबले.

"हिरवा!" शेवटी तीच म्हणाली.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "हिरवा."

तो जागाच होता.