किंचित ओल

तीन हजार दंतवैद्य एका छपराखाली जमले की कुणीच कुणाच्या डोळ्यांकडे बघत नाही. नजर थेट दातांवर. बिल्ल्यावरचं नाव वाचायच्या आत समोरच्याची खालची हिरडी सुजलीय हे आपल्याला कळलेलं असतं, आणि आपलंही काहीतरी त्याला कळलेलं असतं. नाश्त्याच्या रांगेत माझ्यापुढच्या दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. "अरे, वाकडा सुळा! किती वर्षांनी!" "आणि तू, पुढची फट!" नावं दोघंही साफ विसरले होते.

मी तर हरखूनच गेले होते. माझा दवाखाना लहान गावात, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. इतक्या वर्षांत मला कामाचा सल्ला द्यायला कुणी जिना चढून आलं असेल, तर ते औषधांचे विक्रेते आणि माझी सासू. आणि आता थेट राष्ट्रीय अधिवेशन! सकाळी सव्वाअकराला, दोन नंबरच्या सभागृहात, पंधरा मिनिटं मी बोलणार होते. विषय होता, कॅप बसवताना दात किती कोरडा करावा. तुम्हाला हसू येईल, पण आमच्यात या प्रश्नावरून जिवलग मैत्र्या तुटल्या आहेत.

आम्हाला शिकवलेली रीत अशी की कापसाने आणि हवेच्या फवाऱ्याने दात कोरडा ठणठणीत करायचा, मग सिमेंट, मग कॅप. मी दहा वर्षं थोडं वेगळं करत होते. किंचित ओल ठेवायची, फरशी पुसून झाल्यावर पाच मिनिटांनी असते तेवढी. माझ्या चारशे बारा कॅपांपैकी नऊच निघाल्या होत्या आणि त्या नऊही जणांचे पत्ते माझ्याकडे आहेत.

कोरड्या पंथाचे गुरू म्हणजे आमचे जुने सर. कॉलेजात आम्ही त्यांना अक्कलदाढ म्हणायचो, कारण ते उशिरा यायचे आणि आले की दुखवायचे. तोंडी परीक्षेत मी घाबरून गप्प राहिले तेव्हा ते म्हणाले होते, "तुला हात आहे, तोंड नाही." ते वाक्य बावीस वर्षं माझ्या मनात ठुसठुसत होतं. आणि माझ्या सत्राचे अध्यक्ष होते खुद्द अक्कलदाढ. खरं सांगायचं तर ओल गेली खड्ड्यात, मला फक्त त्यांच्यासमोर पंधरा मिनिटं न अडखळता बोलून दाखवायचं होतं.

यात एक गोम होती. कॉलेजात असताना मी वसतिगृहाच्या जिन्यावरून पडले आणि माझा पुढचा दात तुटला. सरांनी मला भर वर्गात खुर्चीवर बसवून, 'असा कोरडा ठणठणीत हवा' असं सांगत स्वतःच्या हाताने कॅप बसवली. एरवी त्या खोलीत यंत्रांच्या घरघरीने कान किटायचे, पण त्या दिवशी सगळं इतकं शांत होतं की मला सरांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मला वाटलं, काय हा दरारा! मी ढसाढसा रडत होते. तेव्हापासून दर वर्षी त्यांचं पोस्टकार्ड यायचं, त्यात एकच ओळ: 'कॅप आहे ना?' मी कळवायचे, 'आहे.' मला वाटायचं, मिरवतायत. म्हणजे माझ्याच तोंडात माझ्याविरुद्धचा पुरावा बावीस वर्षं ठाण मांडून बसला होता, आणि मी त्याबद्दल अवाक्षर काढणार नव्हते.

दहा वाजता खोलीत शेवटची उजळणी करताना पडद्यावर लाल ठिपका टाकायचं ते यंत्र बंद पडलं. नव्या बॅटऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात होत्या. माझ्या दवाखान्यात ठळक अक्षरांत पाटी आहे, 'दात म्हणजे कात्री नव्हे.' ती मीच रंगवून घेतलीय. आणि मी ते पाकीट पुढच्या दातात धरलं आणि ओढलं.

"निघाली का बॅटरी?" नवऱ्याने विचारलं. तो शाळेत भूगोल शिकवतो, अधिवेशनाला 'पाहुणा' असा बिल्ला लावून आला होता.

"कॅप निघाली."

खिंडारातून वारा सुटला होता. 'स' म्हणायला गेले की शिट्टी वाजायची. नवऱ्याने मला 'सर्व सन्माननीय सहकारी' असं म्हणायला लावलं, तीन शिट्ट्या मोजल्या आणि तो हसून हसून पलंगाच्या कडेवर बसला. मी त्याला उशी मारली. मग मलाही हसू आवरेना, आणि मग घड्याळाकडे लक्ष गेलं. तोंड नाही, असं सर म्हणाले होते, आता खरोखरच नाही!

तीन हजार दंतवैद्य, आणि एकाच्याही खिशात सिमेंट नाही. आम्ही धावत खालच्या प्रदर्शनात गेलो. तिथे एका विक्रेत्याने चकचकीत नवी खुर्ची मांडली होती. मी टुणकन चढून बसले.

"मॅडम, ही फक्त प्रदर्शनासाठी आहे."

"मग मीही प्रदर्शनासाठीच आहे. दिवा लावा."

मिनिटभरात भोवती सतरा डॉक्टर जमले. "आ करा!" सतराही जण एका सुरात म्हणाले. एक म्हणाला, आधी कोरडा करा. दुसरा म्हणाला, आधी धुवा. तिसरीने एक्स-रेशिवाय कुणी हात लावायचा नाही म्हणून सगळ्यांचे हात धरले. एका गृहस्थाने माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं, "कुठल्या कॉलेजच्या?" मी म्हटलं, "आ-ओ-ऊ-आ." ते म्हणाले, "अरे वा, माझी बहीणही तिथलीच!" उघड्या तोंडातलं बोलणं आम्हाला बरोबर कळतं, तेवढ्यावरच तर आमचा धंदा चालतो. पण मतं सतरा पडली आणि कॅप हातातच राहिली. अकरा वाजून नऊ मिनिटं झाली.

शेवटी नवऱ्याने शेजारच्या दुकानातून कवळी चिकटवायच्या पेस्टची फुकट नळी आणली, हात धुतले आणि सतरा तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत कॅप दाबून बसवली. "जमीन सरकली तर मला विचारू नकोस," तो म्हणाला.

सभागृहात सहाशे माणसं होती. पहिल्या रांगेपुढच्या टेबलाशी सर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हातात काठी, पण नजर तीच. "पंधरा मिनिटं," ते म्हणाले. "सोळावं मिनिट माझं."

पहिली दोन मिनिटं मी कागदावरून नजर न उचलता वाचत होते. मग हळूहळू माझा आवाज मला सापडला. आकडे आले, फोटो आले, लोक वहीत लिहायला लागले. बाराव्या मिनिटाला तर मी अशी रंगले की टेबलावर थाप मारली. "आणि म्हणूनच सांगते, किंचित ओल ठेवली तर कॅप सहजासहजी सुटत नाही!"

'सुटत' म्हणताना कॅप सुटली. पडद्यावर पडणाऱ्या झोतातून चमकत गेली, सरांच्या पाण्याच्या पेल्यावर टणकन आपटली, टेबलावर दोन गिरक्या घेऊन थांबली.

सहाशे दंतवैद्य एकदम हसले की काय दिसतं ते शब्दांत सांगता येणार नाही. मीही हसले, खिंडार दाखवत. पण आतून वाटलं, संपलं. बावीस वर्षं तयारी केली आणि अशी फजिती झाली.

सरांनी कॅप उचलली. चष्मा वर करून उलटीसुलटी पाहिली. हसू ओसरलं.

"काय फोडत होतीस?"

"बॅटरीचं पाकीट, सर."

"या सभागृहात दाताने पाकीट फोडत नाही असा कोण आहे?" एकही हात वर झाला नाही. सर माझ्याकडे वळले. "ही कॅप कुणाची, ते सांग यांना."

मला गप्प बसता आलं असतं. पुसट काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. पण तोंड एकदा उघडलं होतं. "तुमची, सर," मी शिट्टी वाजवत म्हटलं. "तुम्ही बसवलीत, कोरडा दात करून. बावीस वर्षं टिकली. म्हणजे माझ्या सगळ्या म्हणण्याच्या विरुद्धच झालं. पण खरं ते खरं."

सर काठी टेकत उभे राहिले आणि त्यांनी माइक घेतला.

"त्या दिवशी हवेचा कॉम्प्रेसर बंद पडला होता," ते म्हणाले. "फवाराच नव्हता. त्यात ही पोरगी इतकी रडत होती की कापूस पुरेना. दात ओला राहिला. मी तसाच बसवला आणि वर्गाला सांगितलं, बघा, असा कोरडा ठणठणीत हवा. मग दर वर्षी वाटायचं, आता पडेल. दर वर्षी हिला पत्र टाकायचो. ती कळवायची, आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण मी शिकवत राहिलो तेच." त्यांनी कॅप मुठीत धरली. "मला हात होते. तोंड नव्हतं."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

सोळावं मिनिट कुणी मोजलंच नाही. सर पुढे, मी मागे, आमच्यामागे सहाशे डॉक्टर, अशी वरात प्रदर्शनातल्या त्या खुर्चीपाशी पोचली. विक्रेत्याने कॅमेरा काढला. कुणीतरी कुठूनतरी खरं सिमेंट पैदा केलं. सरांनी हातमोजे चढवले. काठीवर टेकलेला तो हात माझ्या तोंडात आल्यावर बावीस वर्षांपूर्वीसारखाच नेमका चालला, आणि त्या क्षणी माझे डोळे भरून आले. हसतही होते, रडतही होते, नाकातोंडाला धार लागली होती.

"ओ-ए-आ, अ," मी म्हटलं.

"ओल ठेवा, सर, म्हणतेय," मागून सतराजण ओरडले.

"कळतंय मला," अक्कलदाढ म्हणाले. "ठेवतो. पण आधी रडणं थांबव. किंचित म्हणाली होतीस तू."