तांब्याचं वल्हं आणि समुद्राचा कौल

"घे रे सागरा, घे!"

बाबा लाकडी चौरंगावरून उठला. त्याने तांब्याचा पत्रा ठोकलेलं वल्हं उचललं आणि दोन्ही हातांनी पाण्यावर आपटलं. धक्क्यावरच्या चार-पाचशे माणसांनी थाळ्या बडवल्या. आठ दिवस हाच खेळ चालला होता. बाबा वल्हं मारायचा आणि पाव तासात मासे उसळत उथळ पाण्यात यायचे. लोक टोपल्या भरभरून न्यायचे. पहिली टोपली अर्थात बाबाची.

नवव्या दिवशी सकाळी वाळूवर मेलेला डॉल्फिन सापडला, आणि बाबाचं नुसत्या माशांवर भागेना.

धक्क्याच्या तिसऱ्या खांबाला एक होडीवाला बांधलेला होता. भरतीचं पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, समोरचे दोन दात गेलेले. गुन्हा एवढाच, की बहिणीचं पिवळं यंत्र त्याने आपल्या होडीतून नेऊन समुद्रात सोडलं होतं.

"यंत्राने सागराच्या कानात विष ओतलं!" बाबा गरजला. "आता मी वल्हं मारतो. मासे आले, तर सागराने हा पापी मागितला असं समजा, आणि भरती जाऊ द्या याच्या डोक्यावरून. नाही आले, तर खुशाल सोडा. मी कोण सांगणारा? मी सागराचा साधा टपालवाला!"

कुणीतरी भिरकावलेला दगड होडीवाल्याच्या कानावर बसला. रक्त मानेवरून पाण्यात उतरलं.

त्याची बहीण धावत आली ती हे बघतच. गावात तिला मोजणीवाली म्हणत. पाच किलोमीटरवर एक जहाज पवनचक्क्यांसाठी समुद्राच्या तळात पोलादी खांब ठोकत होतं. त्या घणाचा आवाज पाण्याखाली किती पसरतो आणि माशांचं, डॉल्फिनचं काय होतं, हे मोजायचं तिचं काम. पिवळं यंत्र म्हणजे पाण्यात सोडलेला कान, दुसरं काही नाही.

"वन्सं!" दोघांनी दंड धरून ठेवलेली वहिनी ओरडली. "तुमच्यापायी मारतायत त्यांना! काहीतरी करा!"

मोजणीवालीने घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी. आजचा पहिला घाव अकराला पडणार होता.

सकाळीच तिने टेबलावर दोन कागद शेजारी ठेवले होते. एकावर घण सुरू झाल्याच्या वेळा, दुसऱ्यावर मासे आल्याच्या, वहिनीने सांगितलेल्या. आठ दिवस, आठही वेळा मासे घणानंतर पाव तासाने आलेले. घणाची वेळ रोज बदले, आणि ती वायरलेसवर सगळ्या बोटींना कळवली जाई. पण बाबाने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं, की सागराला यंत्राची बडबड खपत नाही. वादळातही ज्यांचा हात वायरलेसवरून निघत नसे, त्यांनी आपल्या हाताने ते बंद केले होते. मग रोज बदलणारी वेळ बाबाला कुठून कळत होती?

तिच्या होकाराशिवाय जहाजावर पहिला घाव पडत नसे. तिने हातातला वायरलेस फक्त जहाजाला ऐकू जाईल अशा वेगळ्या लहरीवर लावून तोंडाशी नेला. "किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन आहे. आज काम थांबवा, एकही घाव नको. आणि मी सांगेन तेव्हाच ते सगळ्या बोटींना जाहीर करा."

बाबा वल्हं मारत राहिला. पाव तास गेला. पाणी खांबाला बांधलेल्या दादाच्या गळ्याशी आलं. बाबाला घाम फुटला, श्वास लागला, पण समुद्रातून एक शेपटीही उसळली नाही.

"पाप मोठं आहे!" तो धापा टाकत म्हणाला. "सागर खवळलाय. भरती पुरी होऊ द्या!"

"बाबा, नाही आले तर सोडा, असं तुम्हीच म्हणालात की," होड्यांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, पुढे झाला.

"मला शिकवतोस?" वल्हं फिरलं ते तांडेलाच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. थाळ्या थांबल्या.

त्या शांततेत मोजणीवाली वायरलेसवर म्हणाली, "आता करा जाहीर."

बाबाच्या लाकडी चौरंगाखालून खरखरीत आवाज आला, "सर्व बोटींना सूचना. अकरा वाजता सुरू होणारं खांब ठोकण्याचं काम आज रद्द. पुन्हा सांगतो..."

वहिनीने हिसडा देऊन दंड सोडवले आणि चौरंगाला लाथ घातली. मेणकापडात गुंडाळलेला वायरलेस लोकांच्या पायाशी घरंगळला.

"सागराची टपालपेटी!" मागून कुणीतरी म्हणालं. हसलं कुणीच नाही.

मोजणीवाली तोवर सुरी घेऊन पाण्यात उतरली होती. दोर कापून तिने आणि वहिनीने दादाला वर ओढलं. तो गुडघ्यांवर पडून खारं पाणी आणि रक्त ओकला.

"घण इथे लाटांच्या आणि थाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नाही," मोजणीवाली म्हणाली. "पाण्याखाली ऐकू येतो. पहिला अर्धा तास मुद्दाम हलके घाव घालतात, जवळच्या प्राण्यांना दूर जाता यावं म्हणून. बंदराच्या तोंडाशी असलेले मासे त्या आवाजाने आत पळतात. बाबा फक्त वेळ ऐकून वल्हं मारत होता."

"म्हणजे आम्ही भेदरलेले मासे धरले?" तांडेल विव्हळत म्हणाला.

"आणि त्यातले निम्मे बोटाएवढे. पुढच्या वर्षी जाळ्यात यायचे, ते."

एका क्षणात गर्दी फिरली. तेच हात, तेच दगड. बाबाचं नाक फुटलं. चौघांनी त्याला केसांना धरून तिसऱ्या खांबाकडे फरफटत नेलं. दादा कसाबसा उठला आणि धक्क्याच्या वर आलेल्या खांबाला पाठ लावून उभा राहिला.

"बाजूला हो! याने तुझा जीव घेतला असता!"

"याने मला एकही दगड मारला नाही," दादा म्हणाला. "दगड तुम्ही मारलेत."

हात सैल पडले. बाबा धक्क्यावर कोसळला.

"मग डॉल्फिन कुणी मारला?" गर्दीतून एकाने विचारलं.

"मला माहीत नाही," मोजणीवाली म्हणाली. "त्याच्या कानाचं हाड तपासायला पाठवते. तीन आठवडे लागतील. घणाने मेला असेल तर तसं लिहीन आणि काम बंद पाडायला तुमच्या पुढे उभी राहीन. तुमच्या जाळ्याने मेला असेल तर तेही लिहीन."

"तीन आठवडे! बाबा तर लगेच सांगायचा."

"सांगायचा. आणि तुम्ही लगेच माणूस बांधलात." ती दादाच्या तोंडावरचं रक्त पुसत होती. "जो कुणी उत्तर देईल त्याला विचारा, तुला कसं कळलं? बाबाला विचारा, मलाही विचारा. ज्याला हा प्रश्न चालत नाही, त्याच्या शब्दावर कधी कुणावर हात उचलू नका."

तांडेलाने मोडका खांदा दुसऱ्या हाताने सावरला.

"बरं, पोरी," तो म्हणाला, "तुला कसं कळणार, ते सांग."