मोकाट व बेवारस

अमरसिंगनं अंगणातलं ढेकूळ उचललं, नेम धरला आणि ऐन वेळी हात ढिला सोडून ते गोऱ्ह्याच्या पायापाशी टाकलं. गोऱ्ह्यानं मान खाली घालून ढेकूळ हुंगलं. खाण्याजोगं नाही हे कळल्यावर तो पुन्हा दाराकडं बघत उभा राहिला.

"तसा जाते का तो," निता दारातून म्हणाली. "काठी घ्या न."

काठी त्याच्या हातातच होती. डावा पाय अधू असल्यामुळं ती कायमच हातात असायची, आणि म्हणूनच त्या काठीनं कुणाला हाणायचं म्हटलं की आधी आपण कशाच्या आधारानं उभं राहायचं, हा प्रश्न पडायचा. त्यानं भिंतीला पाठ टेकवली आणि काठी उगारली. तेव्हा कुठं गोऱ्हा वळला. चहा न विचारता परत पाठवलेल्या पाहुण्यासारखा, रेंगाळत, तो गल्लीच्या तोंडाशी गेला आणि तिथंच थांबला.

दहा वाजता नगरपंचायतीच्या मॅडम पाहणीला यायच्या होत्या. त्याआधी हे जनावर नजरेआड व्हायला हवं होतं. कारण या घराचा आणि त्या जनावराचा काडीचा संबंध नाही, असं अर्जात लिहिलं होतं.

अर्ज मंगरूळपीरच्या तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनवीसानं लिहून दिला होता. अमरसिंगनं त्याला सगळं सांगितलं. भाद्रपदातल्या एका बाजाराच्या दिवशी धामणखेडच्या भाजीबाजारात दोन सांडांची टक्कर जुंपली, माणसं वाट फुटेल तिकडं पळाली, आणि त्याची आई नानीबाई शिंगाखाली आली. अकोल्याच्या दवाखान्यात दोन रात्री काढून ती गेली. नगरपंचायतीचा कोंडवाडा आहे, पण त्यात बंद पडलेल्या घंटागाड्या उभ्या, आणि जनावरं बाजारात. लोकांनी तक्रारी देऊन देऊन हात टेकले होते. इथवर ऐकून अर्जनवीस खूश झाला. केस पक्की आहे म्हणाला. मग अमरसिंगनं पुढचं सांगितलं, की मारणारा गोऱ्हा आईनंच देवीच्या नावानं सोडलेला होता. अर्जनवीसानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"देवीचा लिवू म्हनता? मंग भरपाई देवीलेच मांगा. नगरपंचायतीले कायले तरास देता?"

आणि त्यानं लिहिलं, 'मोकाट व बेवारस वळू'. घरात गोऱ्हा, बाजारात सांड आणि कागदावर वळू, अशी एकाच जनावराची तीन नावं झाली. चौथं अमरसिंगनं त्याला सांगितलं नाही.

ते चौथं नाव त्याचं स्वतःचं होतं.

सहा वर्षांपूर्वी तो पुण्याकडं बांधकामावर असताना परांचीवरून पडला होता. कितीतरी दिवस शुद्ध नव्हती, आणि उठेल असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. इकडं नानीबाईनं पोहऱ्याच्या देवीला नवस बोलला. माझा पोरगा उठू दे, घरच्या गाईचा गोऱ्हा तुझ्या नावानं सोडीन. अमरसिंग उठला. लंगडत का होईना, आपल्या पायांनी घरी आला. आला तेव्हा दारात वर्षाचा गोऱ्हा उभा होता, त्याच्या फऱ्यावर त्रिशुळाचा ताजा डाग होता, आणि आई त्याच्या गळ्यातलं दावं सोडत होती. "जाय अमऱ्या," ती म्हणत होती, "आता तू देवीचा." जिवाच्या बदल्यात जीव द्यायचा तर नावही तेच द्यावं, उगाच देवीचा गोंधळ नको, असं तिचं साधं म्हणणं होतं.

देवीचा म्हणून सोडलेला गोऱ्हा देवीकडं काही गेला नाही. गावभर हिंडायचा, पण सकाळी भाकरीच्या वेळेला दारात हजर. पहिली भाकर त्याची. तीही हाक मारून, हातानंच द्यायची; शेजाऱ्यांना वाटायचं, मुलालाच बोलावते. देवाच्या जनावरापुढं जमिनीवर टाकू नये, असं ती म्हणायची. अमरसिंगच्या वाट्याला दुसरी भाकर यायची. तो चिडायचा. बंजाऱ्यांच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. "याडी, त्याचं नाव बदल," असं त्यानं तिला किती वेळा सांगितलं. ती हसून म्हणायची, एका नावाचे दोन असले की घर रिकामं पडत नाही.

ती गेली त्या दिवशी बाजारातली माणसं त्याच्या गळ्यात पडून सांगत होती, की म्हातारी शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती रे. 'अमऱ्या, अमऱ्या' करत होती. त्यानं मान हलवली. हाक कुणाला होती हे फक्त त्याला आणि निताला माहीत होतं. आई गेली म्हणून रडावं, की जाताना तिनं आपलं नाव घेतलं आणि तरी आपल्याला हाक मारली नाही म्हणून रडावं, हे त्याला कळेना. तेव्हापासून गोऱ्हा दारात आला की तो हाताला लागेल ते उचलायचा.

निताला भरपाई गिरणीसाठी हवी होती. पिठाची गिरणी घरात बसली असती तर दिवाळीनंतर ऊसतोडीला जावं लागलं नसतं, आणि या पायानं तो ऊस तोडणार तरी कसा. अमरसिंगला ती हवी होती ते वेगळ्याच कारणासाठी. चूक कुणाची तरी असायला हवी होती. नगरपंचायतीची नसेल तर गोऱ्ह्याची, गोऱ्ह्याची नसेल तर नवसाची, आणि मग नवस ज्याच्यासाठी बोलला त्याची. त्याला कुणीतरी सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायला हवं होतं, की चूक आमची.

सुकेशनी मॅडम स्कूटीवरून आल्या. नोकरी नवी होती, पण बोलणं मोजून-मापून होतं. मागून लखमीचंद शेठ चालत आले. भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान. रोज सकाळी पाखरांना ज्वारी टाकल्याशिवाय ते गल्ला उघडत नसत. घडलं ते सगळं त्यांच्या ओट्यासमोर घडलं होतं, आणि साक्ष द्यायला गावात तेवढे एकटेच तयार झाले होते. निता भाकरी थापायला बसली होती. एक भाकर झाल्यावर तिनं परातीतलं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि चहा टाकला.

मॅडमनी शेठजींचा जबाब वाचून दाखवला. मयत नानीबाई या 'अमऱ्या, अमऱ्या' अशी मुलाला हाक मारत वळूच्या दिशेनं गेल्या, असं त्यात होतं.

शेठजींना तेवढ्यानं समाधान नव्हतं. लोक त्या जनावराला लोखंडी सळ्यांनी बडवत होते, आणि ही बाई गर्दी बाजूला सारत थेट आत शिरली, हे ते पुन्हा सांगू लागले. आपण ओट्यावरून ओरडलो, नानीबाई, मागं व्हा. तिनं ऐकलं नाही. हातातली भाकर तेवढी वर धरली होती.

"भाकर?" मॅडमनी विचारलं. "भाकर कशाला होती त्यांच्या हातात?"

शेठजींनी अमरसिंगकडं पाहिलं. अमरसिंगनं चहाच्या कपात पाहिलं.

"बाजारात दिवसभर बसाची न याडी," निता म्हणाली. "भाजीचं दुकान लावे. सोबत भाकर नेये."

ते खोटं नव्हतं. मॅडमनी लिहून घेतलं आणि मग अमरसिंगला विचारलं, की तो त्या वेळी बाजारात होता का. नव्हतो, वाशिमला गेलो होतो, असं त्यानं सांगितलं. मग त्यांनी तुम्हाला हाक का मारली असेल, हा प्रश्न सरळच होता.

"मरनाच्या येळी मानूस आपल्या लेकराचंच नाव घेते, मॅडम," निता म्हणाली.

मॅडमचं पेन जरा थांबलं. त्यांनी निताकडं पाहिलं, आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. शेठजींनी उपरण्यानं डोळे पुसले. निता खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. अमरसिंगच्या कपातला चहा तसाच होता.

पुढचे रकाने भराभर झाले. मयताचे वारस, अमरसिंग. जनावराचा मालक किंवा वारस, बेवारस. या शेवटच्या रकान्यावरच सगळं आहे, हे मॅडमनी समजावून सांगितलं. जनावराला कुणी पाळतं, खाऊ घालतं असं निघालं, तर साहेब अर्ज त्याच दिवशी फेटाळतील. ते तेच शोधत आहेत. बेवारस ठरलं तर भरपाई मिळेल, आणि वळू पकडून कुठल्यातरी गोशाळेत पाठवला जाईल. कुठं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"आता त्याचा एक फोटो लागतो," त्या म्हणाल्या. "फऱ्यावरचा डाग आणि तोंड, दोन्ही दिसलं पाहिजे. आहे का तो इथं कुठं?"

शेठजींनी गल्लीच्या तोंडाकडं बोट दाखवलं. गोऱ्हा पाठ करून उभा होता. मॅडम मोबाईल धरून चार पावलं पुढं गेल्या आणि तिथंच थांबल्या. या जनावरानं माणूस मारला होता, त्याच्या जवळ जाणार कोण. त्यांनी लांबूनच 'हात्, हात्' असं ओरडून पाहिलं. गोऱ्ह्यानं शेपटीनं माशा वारल्या. शेवटी त्यांनीच निताला सांगितलं, की काही खायला असेल तर टाका समोर, म्हणजे वळेल.

निता आतून ती झालेली भाकर घेऊन आली आणि तिनं ती लांबूनच फेकली. भाकर मातीत पडली. गोऱ्हा वळला, भाकरीपाशी आला, हुंगली, आणि पुन्हा मान वर करून दाराकडं बघू लागला.

"खात नाई हा," शेठजी म्हणाले. "म्या बी टाकून पायलं दुकानापुढं. नुस्ता उभा राह्यते."

तो इतका जवळ आला तेव्हा अमरसिंगला त्याची पाठ दिसली. सळ्यांचे वळ वाळून त्यांच्या खपल्या झाल्या होत्या. बरगड्या वर आल्या होत्या. हे त्यानं इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं, कारण गोऱ्हा आला की त्याची नजर फक्त शिंगांवर जायची.

अमरसिंग दारापुढच्या ओट्यावरून उतरला. काठीवर भार देऊन एका गुडघ्यावर बसला, भाकर उचलली आणि सदऱ्याला पुसली. उठताना काठी हातातून निसटली आणि नालीत गेली. भिंत धरून तो उठला, चार पावलं दाराकडं मागं सरकला आणि भिंत सोडून त्यानं भाकरीचा हात पुढं केला. तरी गोऱ्हा जागचा हलला नाही. त्याला हाताबरोबर हाकेची सवय होती.

"अमऱ्या," अमरसिंग म्हणाला.

स्वतःच्या तोंडून स्वतःला हाक मारायची वेळ माणसावर येत नाही. त्याचा आवाज फाटला. तरी त्या हाकेचं शेवटचं टोक आईसारखंच लांबलं, आणि गोऱ्हा चालत आला, मॅडमच्या अगदी शेजारून, त्यांच्याकडं ढुंकूनही न बघता. अमरसिंगच्या तळहातावरची भाकर त्यानं खरखरीत जिभेनं ओढून घेतली. अमरसिंगचा पाय लटपटला. भिंत मागं राहिली होती आणि काठी नालीत होती. त्यानं गोऱ्ह्याचं वशिंड धरलं आणि त्याच्या आधारानं उभा राहिला. गोऱ्हा हलला नाही. त्याच्या अंगाला अजून याडीच्या चुलीच्या धुराचा वास येतो, असं अमरसिंगला वाटलं, आणि मग तो रडला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, कुणासाठी रडतो आहोत हे नीट ठाऊक असल्यासारखा.

शेठजी पुटपुटले, "म्हंजे त्या दिवशी नानीबाई यालेच हाका मारे..."

मॅडमनी मोबाईल खाली घेतला. मग त्या जवळ आल्या, भीती विसरून, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी काही ऐकलं नाही. बेवारस लिहिलंय, ते तसंच राहू देते. तुम्ही फक्त बाजूला व्हा, फोटो घेते."

निता दारात उभी होती. अमरसिंगनं एकदा तिच्याकडं पाहिलं. ती नजर त्याला ओळखीची होती. गिरणीच्या गोष्टी करतानाची.

"बेवारस नोका लिवू, मॅडम," तो म्हणाला.

"अहो, मग काहीच मिळणार नाही."

"नोका लिवू."

"मग वारस म्हणून नाव कोणाचं टाकू?"

"अमरसिंग."

"ते तर वर टाकलंय. तुमच्या आईचे वारस म्हणून."

"खालीबी तेच टाका."

मॅडमनी काही लिहिलं नाही. पेन बोटात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. निता वळून आत गेली. अमरसिंग दाराकडं बघत राहिला, आणि त्याच्या शेजारी गोऱ्हाही. थोड्या वेळानं आतून परात सरकवल्याचा आवाज आला, आणि मग भाकर थापल्याचा.