बागेतला दुसरा नर

सून सासऱ्यांचे सदरे घडी करून बॅगेत भरत होती, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. अजून नीट उजाडलंही नव्हतं. दारात पक्षी मोजणाऱ्या बाई उभ्या होत्या. गळ्यात दुर्बीण, काखेत वही आणि चेहरा पार उतरलेला.

"पुन्हा आलात?" सून म्हणाली. "सोमवारीच मोजून गेलात ना?"

"तिथंच तर घोळ झालाय. तुमच्या बागेत मी दयाळाचे दोन नर लिहिले. साहेबांनी वहीच परत पाठवली. म्हणाले, बाई, आधी कान तपासून घ्या."

"असतील की दोन. आमची काही तक्रार नाही."

"तुमची नसेल, दयाळाची असते. विणीच्या दिवसांत हद्दीत दुसरा नर नुसता ऐकू आला, तरी तो त्याच्या जिवावर उठतो. दहा वर्षं हेच काम करतेय मी. पण त्या दिवशी दोन ऐकले म्हणजे ऐकले!"

सुनेचा नवरा गाडीची किल्ली घेऊन बाहेर आला. नऊ वाजता वडिलांना वृद्धाश्रमात सोडायचं होतं, आणि एकदा ठरवलं की ठरवलं, हा त्याचा स्वभाव. बायको गेल्यापासून म्हाताऱ्यानं तोंडाला कुलूप लावलं होतं. आठ महिन्यांत एक शब्द नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, डोकं तपासलं आणि खांदे उडवले. मुलानं त्याचा सरळ अर्थ लावला : बाबांना आता कशाचं भान नाही, आपण काय नि आश्रमातली आया काय, त्यांना सारखंच. सुनेला हे अजिबात पटलं नव्हतं. पण नवऱ्याला दाखवणार काय?

"मोजा काय मोजायचं ते," तो बाईंना म्हणाला. "फक्त हळू. बाबा रोजच्यासारखे मागच्या पायरीवर बसलेत."

तिघंही स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. दयाळ तारेवर होता, काळापांढरा, शेपटी ताठ वर. तो खाली उतरला, गवतातला एक नाकतोडा उचलला, गिळला आणि परत तारेवर जाऊन गाऊ लागला. लांब, घोळवलेली शीळ आणि शेवटी दोन आखूड ठोके.

लगेच उत्तर आलं. तीच शीळ, पण शेवटी ठोके तीन.

"हा काय दुसरा!" बाई कुजबुजल्या. "खालून येतोय, पायरीजवळून."

दयाळ तारेवरून झेपावला आणि पायरीच्या कठड्यावर येऊन बसला, छाती फुगवून, पंख पाडून. समोर शत्रूचा पत्ता नाही. होता तो एक म्हातारा, ओठांचा चंबू केलेला. दयाळ पुन्हा गायला, या वेळी तीन ठोके. म्हाताऱ्यानं मान कलती करून सगळं नीट ऐकून घेतलं आणि चार दिले.

दयाळाचा नुसता तिळपापड झाला. कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं चार येरझारा घातल्या. म्हातारा गालातल्या गालात हसला, समोरच्याला पेचात पकडल्यावर माणूस हसतो तसा.

"अगं बाई!" सून म्हणाली, आणि हातातला सदरा तिनं तोंडाशी धरला.

 मुलानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. त्याला लाज वाटली, आणि ती कुठे लपवावी ते त्याला कळेना. मग तो सदऱ्यांची बॅग उचलून आत गेला. थोड्या वेळानं आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ हँगर एकमेकांवर आपटल्याचा.

बाईंनी पेन्सिल उलटी केली आणि वहीतल्या दोनावर रबर टेकवलं.

"खोडू नका," सून म्हणाली.

"अहो, पण साहेबांना काय सांगू?"

"म्हणावं, स्वतः येऊन ऐका. रोज सहाला असतात दोघंही."