दार तेवढं लावून घ्या

मी वारूळवाडीच्या दवाखान्यातला इन्क्युबेटर बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका, दिसायला मी साधं पांढरं कपाट आहे. माझं काम एकच. बाईच्या पोटात जसं असतं, तसंच माझ्या पोटात ठेवायचं. ऊब सदतीस अंश, कार्बन डायऑक्साइड पाच-सहा टक्के, हवा दमट आणि अंधार. ज्यांना मूल होत नाही, त्यांचे गर्भ पहिले तीन दिवस माझ्याकडे राहायचे.

२००२ साली मी इथं आलो. मला सांभाळणाऱ्या वृषालीताई मोठ्या शिस्तीच्या. रोज दोन वेळा माझा आकडा दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून बघायच्या, तळाच्या ताटलीत निर्जंतुक पाणी भरायच्या, गॅसचा सिलिंडर संपायच्या आत दुसरा जोडायच्या. लाईट गेली की आधी माझ्याकडे धाव. मी मात्र कुरकुऱ्या. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की ऊब आणि गॅस दोन्ही निसटतात, म्हणून मी लगेच पिपाणी वाजवायचो. माणसांना उघडून बघायची भारी खोड.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला माझ्या पोटात तीन गर्भ होते. आणे गावच्या नूतनचे. लग्नाला अकरा वर्षं झालेली, एक प्रयत्न फसलेला, आणि हा शेवटचाच असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. ती आणि तिचा नवरा ज्ञानेश्वर बाहेरच्या बाकावर बसून होते.

वृषालीताई कपडे बदलायला गेल्या आणि फरशी पुसणाऱ्या प्रयागबाई ताट घेऊन आत आल्या. झेंडू, हळदकुंकू, पेटलेली उदबत्ती. या खोलीत अत्तर, पावडर, गजरा चालत नाही, हे त्यांना पाठ होतं. पण उदबत्ती देवाची, तीही त्यात धरतात हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. घरी विळा-कोयत्याची पूजा करून आलेली बाई इथल्या यंत्राला कशी विसरेल? त्यांनी मला कुंकू लावलं आणि आत दोन अक्षता टाकाव्यात म्हणून हँडलला हात घातला. मी घाबरलो. दार उघडल्याशिवाय मला ओरडताही येत नाही.

"मावशी, हात काढा," वृषालीताई आत येत म्हणाल्या. "ते ताट आधी बाहेर न्या. या धुरानं गर्भ मरतात."

धूर खोलीभर झाला होता. गर्भ त्याच दिवशी काढून तपासायचे होते. वृषालीताईंनी हवा गाळणारं यंत्र जोरात लावलं आणि उद्यापर्यंत माझं दार उघडायचं नाही असं ठरवलं. मग बाहेर जाऊन नूतनला खरं ते सांगितलं.

प्रयागबाई पायरीवर रडत बसल्या. "माझ्या हातनं लई वंगाळ झालं गं."

"तुमी काय वाईट मनानं न्हाई केलं, मावशी," नूतन म्हणाली. ती त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली.

त्या दिवशी आत काय चाललंय हे जगात फक्त मला ठाऊक होतं. सुईच्या टोकावर मावेल एवढा एकेक ठिपका. दोन पेशींच्या चार झाल्या, चाराच्या पाच, सहा. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. मी नुसती ऊब धरून होतो. त्याआधी कितीतरी गर्भ पाहिले होते, तरी दर वेळी थक्क व्हायचो. त्या दिवशी तर आपला पंखासुद्धा हळू फिरवावा असं वाटत होतं.

दसऱ्याला दार उघडलं. एक वाढायचा थांबला होता. दोन आठ-आठ पेशींचे झाले होते. त्यातला एक नूतनच्या पोटात रुजला.

गेल्या वर्षी नवा इन्क्युबेटर आला आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. यंदा, २००९च्या खंडेनवमीला, प्रयागबाई नूतनला आणि तिच्या पाच वर्षांच्या तेजस्विनीला माझ्याकडे घेऊन आल्या. इतकी वर्षं त्यांनी माझी पूजा खोलीबाहेरून, काचेआडून, उदबत्तीशिवाय केली होती. आज त्यांनी माझ्यापुढं उदबत्ती पेटवली. आता चालते.

पोरीनं माझं दार सताड उघडलं. "मी ह्यात व्हते?"

"आधी ह्यात, मग माझ्यात," नूतन म्हणाली.

पोरीनं आत हात घातला. "लई गार हाय गं, आई."

नूतननं माझ्या फळीवर तळवा टेकला आणि बराच वेळ तो काढला नाही. "तवा ऊन व्हतं," ती म्हणाली.

निघताना प्रयागबाई सवयीनं दार लावायला लागल्या. राहू द्या, प्रयागबाई. जन्मभर मी दार लावा, दार लावा म्हणून तुम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं. आता आत कुणी नाही. उघडंच राहू द्या.