लाल वायरचा तुकडा

मी वायरमन आहे आणि माझं तोंड फटकळ आहे, हे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. भिंतीवरचा हीटर बंद पडल्याचा फोन आला की मी आधी चार शब्द सुनावतो, मग पिशवी उचलतो. बहुतेक वेळा हीटरला काही झालेलंच नसतं. कुणी त्याच्या तोंडाशी सोफा सरकवलेला असतो, कुणी जाळीवर मोजे वाळत घातलेले असतात. हवा कोंडली की हीटर आतून तापतो आणि कट-ऑफ नावाचा बटणाएवढा भाग वीज तोडून टाकतो. लोक म्हणतात, हीटर बिघडला. अहो, त्याने तुमचा जीव वाचवलाय!

शनिवारी मी प्रशिक्षण केंद्रात शिकवतो. पहिल्याच तासाला सांगतो, "कट-ऑफला वायर लावून बायपास करणारा वायरमन नव्हे, खुनी असतो." मुलं हसतात आणि वहीत लिहून घेतात.

त्या थंडीत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा हीटर पंधरा दिवसांत तीनदा बंद पडला. अण्णा माझ्या थोरल्या बहिणीकडे राहायचे. ताई सकाळी कामावर जायची ती सहाला परतायची. दिवसभर घरात अण्णा, त्यांची काठी आणि रेडिओ. हीटर बंद पडायचा तोही नेमका दुपारी, ती घरात नसताना. याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. वीस वर्षं काय हीटर हुंगत फिरलो मी?

पहिल्या वेळी मी धूळ काढली, कट-ऑफचं बटण दाबलं, हीटर सुरू झाला. दुसऱ्या वेळी थर्मोस्टॅट बदलला, सैल झालेले स्क्रू आवळले. जाळीत एक पांढरा धागा अडकला होता, तो पकडीने ओढून फेकून दिला.

"अण्णा, यावर काही वाळत घालता का?"

"मी काही केलं नाही," अण्णा रेडिओचं बटण पिळत म्हणाले. "तुला बिघाड सापडत नाही, तर खापर माझ्यावर फोडतोस होय रे, मिस्त्री?"

लाडात आले की ते मला मिस्त्री म्हणायचे. मीही हसलो आणि विषय सोडला.

तिसऱ्या वेळी ताईने फोनवरच माझी सालटी काढली. "गावभर हीटर दुरुस्त करत फिरतोस आणि बापाचा एक नीट होत नाही तुझ्याने? मी घरी आले तेव्हा त्यांच्या हातात कप धरवत नव्हता. बोटं निळी पडली होती!"

मी गेलो. अण्णा दोन स्वेटर घालून पलंगावर बसले होते, दात वाजत होते. खोलीत कुबट वास होता. बंद खिडक्यांचा असेल, असं समजून मी नाक दुसरीकडे वळवलं. मीटर लावून सगळं तपासलं, सगळं ठीक होतं. म्हणजे कट-ऑफच कमजोर झालाय, मी ठरवून टाकलं. नवा यायला चार दिवस लागणार होते. अण्णा थरथरत होते, ताई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मी पिशवीतून लाल वायरचा बोटभर तुकडा काढला आणि कट-ऑफची दोन टोकं जोडून टाकली. चार दिवसांचा तर प्रश्न.

"आता नाही बंद पडणार," मी म्हणालो.

"शाब्बास, मिस्त्री," अण्णा म्हणाले आणि तळवे हीटरसमोर धरून बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांना धूर दिसला. दार तोडेपर्यंत अण्णा गेले होते. भाजले नव्हते फारसे, धुरानेच गेले. पलंग आणि हीटरमध्ये, जमिनीवर सापडले, एक हात हीटरकडे पसरलेला.

दुसऱ्या दिवशी विद्युत तपासनीस यायचा होता. त्याच्याआधी मी एकटाच खोलीत गेलो. खरं सांगतो, तो वायरचा तुकडा काढून घ्यायलाच गेलो होतो. स्क्रूड्रायव्हर हातात होता. पण कोपऱ्यातलं अण्णांचं कपाट अर्धं जळून उघडं पडलं होतं, आणि खालच्या कप्प्यात, कोटांच्या मागे, चादरी दडवलेल्या होत्या. नीट घड्या घातलेल्या, तीन. एक उलगडली. मधोमध पिवळट डाग, आणि त्यावर तपकिरी आडव्या रेघा, जाळीच्या पट्ट्या असतात तितक्याच अंतरावर.

मग सगळं उमजलं. म्हातारा झोपेत अंथरूण ओलं करायचा. लेकीला कळू नये म्हणून ती कामावर गेली की चादर बेसिनमध्ये खंगाळायचा आणि हीटरवर टाकायचा. हीटर बंद पडायचा तेव्हा अर्धी ओली चादर घडी घालून लपवायचा. मी तिथेच राखेत बसलो आणि मोठ्याने रडलो.

बाहेर गाडी थांबली. हातात वेळ एकाच कामापुरता होता. मी चादरी पिशवीत कोंबल्या.

तपासनीस माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने हीटरचं झाकण काढलं आणि आत पाहिलं. लाल वायर काळवंडली होती, पण जागेवर होती.

"सर, हे कुणी केलं?"

"मी."

त्याचा चेहरा उतरला. "पण इतकं पेटायला वर काहीतरी पडलेलं हवं. यांनी काही वाळत..."

"पडदा पडला असेल. काम करताना मीच बाजूला सारला होता, परत नीट बांधला नाही. तसं लिही."

त्याने खाली मान घालून लिहून घेतलं.

ताई दारात होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या नजरेला नजर देववेना, म्हणून मी पिशवीचा बंद आवळत बसलो.

"म्हणजे अण्णांनी काहीच केलं नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "अण्णांनी काही केलं नाही."

त्यानंतर ताई माझ्याशी बोललेली नाही.